कॉनर ॲव्हेन्यूवरची पॅकार्ड: १९५५ साली जोडणी कुठे आणि का बिघडली

प्रश्न असा आहे: महायुद्धात रोल्स-रॉइसची मर्लिन विमान-इंजिनं पन्नास हजारांवर बनवून देणारी डेट्रॉइटची पॅकार्ड कंपनी १९५५ साली ढिसाळ जोडणीच्या गाड्या कशी विकायला लागली? ‘कॉनर ॲव्हेन्यूचा कारखाना लहान पडला’ असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण नुसती जागा कमी पडली म्हणून दारं वाकडी बसतात का, पाणी गळतं का? आणि त्या वर्षाची गाडी आज कुणी घेणार असेल तर त्यानं काय तपासावं?

जागा कमी पडल्यानं दारं वाकडी बसत नाहीत. दारं सगळ्याच कारखान्यांत थोडीफार वाकडी बसतात. ती सरळ करायला जागा, वेळ आणि जाणता माणूस लागतो. पॅकार्डकडे १९५४ च्या अखेरीस या तिन्ही गोष्टींची एकदम चणचण झाली, आणि नेमक्या त्याच महिन्यांत नवं इंजिन, जवळजवळ नवा गिअरबॉक्स, नवं सस्पेन्शन आणि वळणदार पुढची काच लाइनवर आली. माझं उत्तर एवढंच. बाकी सगळा त्याचा तपशील.

सुरुवात बॉडीपासून करायला हवी. १९४१ च्या क्लिपर मॉडेलपासून पॅकार्डनं बॉडीचं काम ब्रिग्ज मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीकडे सोपवलं होतं. ब्रिग्जनं पत्रा वेल्ड करून बॉडी उभी करायची, आणि पॅकार्डनं ती ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या आपल्या जुन्या अवाढव्य कारखान्यात चासीवर, म्हणजे चाकं आणि इंजिन वाहणाऱ्या सांगाड्यावर, चढवायची. १९५२ च्या सुरुवातीला वॉल्टर ब्रिग्ज वारले आणि १९५३ च्या अखेरीस क्रायस्लरनं ब्रिग्जचा मोटार-बॉडीचा धंदा सुमारे साडेतीन कोटी डॉलरना विकत घेतला. १९५४ चं मॉडेल संपेपर्यंत बॉडी मिळतील, पुढे तुमची सोय तुम्ही बघा, असं पॅकार्डला कळवण्यात आलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तोवर पॅकार्डच्या मुख्य गाड्यांच्या बॉडी बाहेर बनण्याला बारा-तेरा वर्षं झाली होती. त्या कंपनीत इंजिन आणि मशिनिंगची माणसं अव्वल दर्जाची होती. पण पत्र्याचं काम वेगळं. लेथवरचा माणूस हजारांश इंचात विचार करतो. पत्र्याचा माणूस दाबलेला भाग साच्यातून बाहेर आल्यावर किती उसळी घेईल, वेल्डच्या उष्णतेनं कुठे खेचला जाईल, याचा अंदाज घेत काम करतो. हा अंदाज ड्रॉइंगवर लिहिलेला नसतो. अमुक जिगवर (वेल्डिंगसाठी भाग जागी पकडून ठेवणाऱ्या सांगाड्यावर) डावा खांब एक वॉशरभर बाहेर ठेवायचा म्हणजे वेल्डिंगनंतर तो बरोबर जागी येतो, अशा गोष्टी फोरमनच्या डोक्यात असतात. इमारत भाड्यानं मिळते, फोरमनचं डोकं भाड्यानं मिळत नाही.

अध्यक्ष जेम्स नान्स मे १९५२ मध्ये आले होते, ते घरगुती उपकरणं बनवणाऱ्या हॉटपॉइंटमधून. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. ईस्ट ग्रँडमध्येच बॉडी शॉप उभारायचं, किंवा क्रायस्लरकडून ब्रिग्जचा जुना कॉनर ॲव्हेन्यूचा कारखाना भाड्यानं घ्यायचा. त्यांनी दुसरी वाट धरली, आणि नुसती बॉडी नव्हे तर शेवटची जोडणीसुद्धा तिथेच हलवली. अनेक मजली जुनी इमारत सोडून सगळं एका छताखाली आणलं की खर्च वाचेल, असा हिशोब होता. ईस्ट ग्रँडचा पसारा सुमारे ३५ लाख चौरस फुटांचा. कॉनरचा ७,६०,००० चौरस फुटांचा. (पुढे डॉजची वायपर जिथे बनली तो कॉनर ॲव्हेन्यूचा कारखाना वेगळा. नावामुळे पुष्कळांची गल्लत होते.)

आता जागेचा हिशोब. पुढचे आकडे पॅकार्डचे नाहीत, समजावण्यापुरते घेतले आहेत. गुणाकार मात्र कुठल्याही लाइनला लागू पडतो. समजा तासाला ४० गाड्या उतरतात, म्हणजे दर ९० सेकंदांना एक. त्यातल्या पाचात एक गाडी दुरुस्तीला बाजूला काढावी लागते आणि तिच्यावर तीन तास काम आहे. तर कुठल्याही क्षणी ८ गुणिले ३, म्हणजे २४ गाड्या बाजूला उभ्या असणार. मोठी पॅकार्ड साडेपाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद. दारं पूर्ण उघडून भोवती माणूस फिरायचा तर एका गाडीला ३० चौरस मीटर धरा. २४ गाड्यांना ७२० चौरस मीटर झाले. चालू, मुरलेल्या मॉडेलला हे ठीक आहे.

नव्या मॉडेलच्या पहिल्या महिन्यात चित्र बदलतं. निम्म्या गाड्या बाजूला काढाव्या लागतात आणि प्रत्येकीवर सहा तास जातात. २० गुणिले ६, म्हणजे १२० गाड्या, ३,६०० चौरस मीटर, जवळजवळ ३९,००० चौरस फूट. कॉनरच्या सगळ्या जागेचा विसावा हिस्सा. ऐकायला हे फार वाटत नाही. पण त्याच छताखाली बॉडी वेल्डिंग, रंगाचे बूथ, भट्ट्या, आतली सजावट, चासी लाइन आणि सुट्या भागांचे ढीग हे सगळं आहे. मोकळा विसावा हिस्सा येणार कुठून? जागा भरली की सुपरवायझरपुढे दोनच पर्याय उरतात: लाइन थांबवायची, नाहीतर गाडी तशीच पुढे सोडायची. दिवसाचा आकडा मागणाऱ्या कारखान्यात काय होतं ते सांगायला नको. गळती आणि वाकड्या दारांचा जागेशी संबंध आहे तो असा. चूक जागेमुळे होत नाही, जागेअभावी ती गाडीतच राहून जाते.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते, पण मला ती जागेपेक्षा मोठी वाटते. पूर्वी ब्रिग्ज आणि पॅकार्ड यांच्यात ट्रकवरून येणाऱ्या बॉडींची रांग असायची. हिशोबनिसाला त्या रांगेत अडकलेला पैसा दिसतो. लाइनवरच्या माणसाला त्यात उसंत मिळते: बॉडी शॉपमध्ये एखादं फिक्चर बिघडलं तरी चासी लाइन तासभर चालू राहते. कॉनरमध्ये बॉडी, रंग आणि जोडणी एकाच साखळीत बांधली गेली. एक कडी अडली की सगळं अडतं, आणि सगळं अडलं की प्रत्येकावर ‘आधी सोड, मग बघू’ असा दबाव येतो. शिवाय पूर्वी फाटकावर गिऱ्हाईक आणि पुरवठादार असं नातं होतं. वाईट बॉडी आली तर ती परत धाडण्यात पॅकार्डच्या निरीक्षकाला संकोच नव्हता, नुकसान ब्रिग्जचं होतं. आता वाईट बॉडी परत धाडणं म्हणजे आपल्याच साहेबाचा आकडा पाडणं.

त्यात लाइनवरची सरमिसळ बघा. १२२ इंच आणि १२७ इंच असे दोन व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधली अंतरं. ३२० आणि ३५२ घन इंचाची इंजिनं. क्लिपर या स्वस्त मालिकेला साधा गिअरबॉक्सही मिळायचा, ऑटोमॅटिकही. खालच्या क्लिपर मॉडेलांना साधं सस्पेन्शन, वरच्या गाड्यांना नवं टॉर्शन-लेव्हल, म्हणजे एकाच लाइनवर दोन जातींच्या चासी. वर दोनरंगी बॉडी, आणि कॅरिबियन ही महागडी उघडी गाडी तर तीनरंगी. दोनरंगी गाडीला पहिला रंग सुकल्यावर कागद आणि टेप लावून झाकायचं आणि पुन्हा फवारून भट्टीतून न्यायचं. म्हणजे एक दोनरंगी बॉडी रंगशाळेत दोन गाड्यांची जागा खाते. टेप लवकर ओढली तर कड उचलली जाते, उशिरा ओढली तर कंगोरा तुटतो. ही कामं घाईची नव्हेत.

आता बॉडीवरची चूक कशी जन्मते आणि कुठवर जाते ते जवळून बघू. १९५५ ची बॉडी मुळात १९५१ चीच. डिझायनर रिचर्ड टीग यांनी तिचा चेहरामोहरा फार कौशल्यानं बदलला, पण जुन्या सांगाड्यावर बाजूला वळणारी पुढची काच बसवायची म्हणजे पुढचा खांब नव्यानं घडवणं आलं. अशी काच बसते ती पत्र्याच्या कडेच्या पट्टीवर, म्हणजे फ्लँजवर, मध्ये रबराचं बीडिंग घालून. बीडिंगची खाच सगळीकडे सारख्या रुंदीची असते. फ्लँज मात्र सारखी नसते: सरळ भागात पत्र्याच्या दोन जाडी, कोपऱ्यात छप्पर, खांब आणि आतली पट्टी एकत्र येतात तिथे तीन. त्यात स्पॉट वेल्डचा फुगवटा. सपाट काचेला हे चालून जातं, कारण रबर सगळीकडे एकाच दिशेनं दाबलं जातं. वळणदार काचेच्या टोकाशी रबर दोन दिशांनी खेचलं जातं, आणि काचेचा बाक ठरल्यापेक्षा जरा कमी-जास्त असला तर कोपऱ्यात रबराची ओठासारखी कड किंचित उचललेली राहते. नखभर फट.

पाऊस आला की पाणी त्या फटीतून आत येतं, पण तिथे दिसत नाही. ते खांबाच्या पोकळीतून खाली उतरतं, डॅशबोर्डच्या मागून वायरिंगच्या बाजूनं जातं आणि पायाशी गालिच्याखालच्या जाड थरात मुरतं. मालकाला चार दिवसांनी वास येतो. डीलरचा मेकॅनिक गालिचा ओला बघून बॉनेटमागच्या हवेच्या झडपेला सीलंट लावतो. पुढच्या पावसात गालिचा पुन्हा ओला. गाडी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वर्कशॉपला जाते. दोष नखभर, पण मालकाच्या मनात गाडी कायमची उतरलेली असते.

ही चूक बॉडी शॉपमध्ये पकडली तर काम दोन मिनिटांचं: ग्राइंडरनं फुगवटा घासायचा, पट्टी लावून फ्लँज बघायची. रंगानंतर पकडली तर घासणं, पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग. काच बसवल्यावर पकडली तर क्रोमच्या पट्ट्या काढा, काच काढा, रबर टाकून द्या. दोन माणसांचे दोन-तीन तास, आणि काच फुटण्याची भीती वेगळीच. डीलरकडे पकडली तर वरचं सगळं, शिवाय चुकीच्या जागी लावलेलं सीलंट खरवडणं. म्हणून बॉडी शॉप आणि रंगशाळेच्या मधलं फाटक, म्हणजे तपासणीचा टप्पा, सगळ्यात कडक ठेवायचं असतं. कॉनरमध्ये नेमकं तेच फाटक धरून ठेवणं सगळ्यात अवघड होतं, कारण अडवलेली बॉडी ठेवायला जागा नव्हती.

गळती शोधायची रीत पन्नासच्या दशकातही ठाऊक होती आणि आजही तीच आहे. आतली सजावट आणि गालिचा उचलायचा. एक माणूस दिवा घेऊन आत, एक बाहेर पाइप घेऊन. पाइपला नॉझल लावायचं नाही. जोराचा फवारा रबराची कड दाबून बंद करतो आणि गळती लपते. खालून सुरुवात करून प्रत्येक उंचीवर चार-पाच मिनिटं पाणी सोडायचं, मग वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून आलं ते कळत नाही. दारांसाठी कागदाची पट्टी: दार लावून पट्टी ओढायची, सगळीकडे सारखाच ताण लागला पाहिजे. जिथे पट्टी सुळकन निघते तिथे रबर टेकलेलं नाही. ही परीक्षा प्रत्येक गाडीवर करायची तर वेळ आणि एक बूथ लागतो. दर वीस गाड्यांमागे एक केली तरी कुठला कोपरा गळतोय ते आठवड्यात कळतं, आणि मग जिग दुरुस्त करता येते.

दारांचं गणित आणखी नाजूक. पॅकार्डची बॉडी वेगळ्या चासीवर बसते, मध्ये रबराचे ठोकळे आणि शिम (उंची जुळवायच्या पातळ चकत्या) असतात. दारं टांगली जातात ती बॉडी जिगवर असताना, रंगाच्या आधी. तिथे गॅप छान जमते. मग बॉडी चासीवर उतरवून बोल्ट आवळले की ती चासीचा आकार घेते. एका ठोकळ्याखाली शिम एक कमी पडला तर बॉडी किंचित पिळते आणि मागच्या दाराची वरची कड छताच्या रेषेपासून दूर जाते. बरोबर दुरुस्ती म्हणजे बोल्ट सैल करून शिम घालणं. घाईत काय होतं? बिजागरीत लाकडी ठोकळा अडकवून दार वाकवलं जातं. रेषा जुळते, पण रबरावरचा दाब बदलतो, दार लावायला जोर लागतो आणि सहा महिन्यांत कुलपाची पट्टी झिजते. बाहेरून बघणाऱ्या निरीक्षकाला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

आता यांत्रिक भाग. इथे मला एक फरक आवर्जून करावासा वाटतो, कारण सगळ्याच तक्रारी कॉनरच्या माथी मारल्या जातात आणि ते अन्यायाचं आहे. इंजिन डेट्रॉइटजवळच्या युटिकाच्या नव्या कारखान्यात बनत होतं. त्याचे दोष जोडणीचे कमी आणि आराखड्याचे जास्त होते.

नव्या व्ही-८ इंजिनचा प्रसिद्ध दोष म्हणजे टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाचा, आवाज. त्या काळी वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचे. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि भर पावसात वायपर थांबतात, म्हणून जोडीला एक छोटा व्हॅक्यूम पंप द्यायचे. पॅकार्डनं तो ऑइल पंपाच्याच खाली, त्याच शाफ्टवर बसवला. जागा आणि पैसा वाचला. पण तो पंप हवा ओढणारा, आणि शेजारी ऑइल पंप. शाफ्टच्या भोवतीची जागा झिजली की हवा ऑइलमध्ये शिरते. हायड्रॉलिक टॅपेटच्या आत ऑइल असतं ते दबत नाही म्हणून. त्यात हवेचे बुडबुडे आले की टॅपेट स्पंजासारखा दबतो, व्हॉल्व्हमध्ये फट राहते आणि टकटक सुरू होते. सोळाच्या सोळा टॅपेट नवे घातले तरी हवा येतच राहणार, मग आवाज कायमचा जाणार कसा? आणि पंपापर्यंत पोचायला ऑइल पॅन उतरवावा लागतो, हे काम कुठला डीलर आनंदानं करील?

गिअरबॉक्सची गोष्ट निराळी. अल्ट्रामॅटिक १९४९ मध्ये आला तेव्हा ती मोठी कामगिरी होती. तीन बड्या कंपन्यांबाहेरच्या मोटार कंपन्यांमध्ये पॅकार्डनंच स्वतःचा ऑटोमॅटिक स्वबळावर बनवला. तो टॉर्क कन्व्हर्टरच्या जोरावर वरच्या गिअरमध्येच निघायचा, मग थेट क्लच लागायचा. चाल मऊ, पण सुरुवात संथ. १९५५ च्या ट्विन अल्ट्रामॅटिकला खालच्या गिअरमध्ये निघून आपोआप वर जाण्याची सोय दिली. म्हणजे जो बदल पूर्वी क्वचित व्हायचा तो आता प्रत्येक सिग्नलला, आणि तोही आधीच्या २१२ अश्वशक्तीच्या स्ट्रेट-एट (एका रांगेतल्या आठ सिलिंडरच्या) इंजिनऐवजी २६० अश्वशक्तीच्या व्ही-८ च्या जोरावर. एक क्लच धरायच्या आणि दुसरा भाग सोडायच्या क्षणात थोडा फरक पडला तरी क्लचच्या तबकड्या घसरतात आणि जळतात. इथे जुळवणी अगदी बिनचूक लागते, आणि डीलरच्या मेकॅनिकला ती शिकायला महिने लागतात.

टॉर्शन-लेव्हल सस्पेन्शन मात्र मला आजही त्या दशकातल्या सगळ्यात सुंदर कल्पनांपैकी एक वाटतं. विल्यम ॲलिसन यांचा आराखडा. गाडीच्या दोन्ही बाजूंना पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत लांबच लांब पोलादी दांडे. पुढचं चाक खड्ड्यावर उचललं की दांडा पिळतो आणि तोच पीळ मागच्या चाकाला जमिनीकडे दाबतो. चासीला धक्का जवळपास बसतच नाही. मागे माणसं बसून गाडी झुकली की सुमारे सात सेकंदांनी विजेची मोटर छोटे दांडे पिळून ती सपाट करते. सात सेकंद यासाठी, की प्रत्येक खड्ड्याला मोटरनं धावू नये. दांड्यांची फारशी तक्रार नव्हती. त्रास दिला तो स्विच, सोलेनॉइड आणि वायरिंगनं, कारण हे सगळं गाडीच्या पोटाशी, चिखल-पाण्याच्या तोंडावर. संपर्कबिंदू चिकटला की मोटर चालूच राहते आणि सकाळी बॅटरी झोपलेली.

हे सगळं तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. युटिकाच्या चाचणी मार्गावर व्ही-८ गाडी २५,००० मैल, ताशी शंभर मैलांहून जास्त सरासरीनं पळवली होती. पण ती चाचणी सांगते की नीट बनवलेलं इंजिन टिकतं. चारशेव्या गाडीत शाफ्टभोवतीची फट किती असेल, पाचशेव्या बॉडीखाली शिम बरोबर पडले का, हे ती सांगत नाही. शिवाय सलग वेगात टॅपेट आणि गिअरबॉक्स ज्या गोष्टींनी त्रासतात, म्हणजे रेंगाळणं, थांबणं, पुन्हा निघणं, त्या गोष्टी होतच नाहीत.

मग काय करता आलं असतं? हातात वेळ कमी होता हे मान्य. प्रतिस्पर्ध्यांची १९५५ ची मॉडेलं १९५४ च्या शरदातच दुकानात आली होती. पॅकार्डची जानेवारी १९५५ मध्ये आली. ते वर्ष अमेरिकन मोटार धंद्याचं विक्रमी, ७० लाखांहून जास्त गाड्यांचं. उशीर झालेल्या कंपनीला लाइन हळू चालवायला सांगणं सोपं नाही. तरीही पहिल्या सहा-आठ आठवड्यांत फक्त एक व्हीलबेस, दोन-तीन एकरंगी बॉडी आणि एकाच जातीची चासी चालवली असती, तर चुकांचे प्रकार निम्म्यावर आले असते. आणि शेवटची जोडणी एक वर्ष ईस्ट ग्रँडमध्येच ठेवली असती, तर फाटक शाबूत राहिलं असतं, बॉडींची रांग राहिली असती, आणि गुण-दोष माहीत असलेली माणसं आपापल्या जागी राहिली असती. वर दुरुस्तीला हवी तेवढी जागा रिकामी पडून होती. बॉडी शॉप नवं, जोडणी जुन्या जागी. माझ्या मते खरी चूक ही: दोन्ही गोष्टी एकाच वेळी हलवल्या.

ऑक्टोबर १९५४ मध्ये स्टुडबेकर ही मोटार कंपनी विकत घेतल्यामुळे वरच्या माणसांचं लक्ष आणि पैसा तिच्या साउथ बेंडच्या कारखान्याकडे ओढला गेला, हेही खरं. पण ते दाराच्या गॅपचं कारण नव्हे.

१९५५ मॉडेलच्या सुमारे ५५,००० गाड्या बनल्या, आदल्या वर्षीपेक्षा पुष्कळ जास्त. म्हणजे लोकांना गाडी आवडली होती. १९५६ पर्यंत जोडणीचे बहुतेक दोष दूर झाले होते. पण पावसात गालिचा भिजलेला माणूस तोवर शेजाऱ्याशी बोलून बसला होता. १९५६ चा आकडा २९,००० च्या आत राहिला, आणि जून १९५६ मध्ये कॉनरची लाइन बंद झाली.

आता घेणाऱ्यासाठी. पहिलं काम, गालिचा उचला. पुढच्या खांबाखालचा जमिनीचा पत्रा आणि डिकीच्या तळाचे कोपरे टोच्यानं टोचून बघा. क्रोमच्या चकाकीकडे नंतर बघितलं तरी चालेल. चारही दारं कागदाच्या पट्टीनं तपासा, आणि दार नीट बसत नसेल तर बिजागरीला हात लावण्याआधी बॉडीखालचे रबरी ठोकळे आणि शिम बघा.

इंजिन पूर्ण गरम करून रेंगाळत ठेवा. गरम ऑइलवर टकटक वाढत असेल तर टॅपेटवर पैसे घालू नका. व्हॅक्यूम पंपाचा भाग काढून तिथे साधं झाकण बसवतात, शाफ्टला खालून बुशचा आधार देतात आणि वायपर विजेवर चालणारे लावतात. ही दुरुस्ती जुनी आणि खात्रीची आहे.

गिअरबॉक्स थंड असताना पास होतो. अर्धा तास चालवून, मध्यम ॲक्सिलरेटरवर खालून वर बदलताना इंजिनचा वेग क्षणभर चढतो का ते ऐका. चढत असेल तर क्लच घसरतोय.

सस्पेन्शनसाठी मागच्या सीटवर तीन माणसं बसवा आणि मनात दहा मोजा. मोटरचा आवाज येऊन मागची बाजू वर आली पाहिजे. माणसं उतरल्यावर तशीच खाली. जॅक लावण्याआधी डॅशखालचा लेव्हलरचा स्विच न चुकता बंद करा, नाहीतर गाडी हवेत असताना मोटर तिला सपाट करायला बघेल. लांब दांड्यांमध्ये गाडी उभी असतानाही प्रचंड पीळ साठलेला असतो. पीळ उतरवायचं खास हत्यार आणि ते वापरलेला माणूस जवळ नसेल तर त्यांच्या एकाही बोल्टला पाना लावू नका. आणि बॅटरी १२ व्होल्टची असली तरी या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. केबल उलटी लावली तर चार्जिंग आणि रेडिओचं काम निघतं.